पुरुषांचा सहा नंबर

मराठीत कुत्रं चावतं, डास चावतो आणि नवी चप्पलही चावते. लहानपणी मला यात काही वावगं वाटायचं नाही. जूनमध्ये शाळा उघडली की नवी पादत्राणं यायची आणि आठवडाभर वर्गातल्या निम्म्या पोरी टाचेला चिंधी बांधून लंगडायच्या. बाई विचारायच्या, "काय झालं गं?" "चप्पल चावली, बाई." विषय तिथंच मिटायचा. चप्पल चावणारच, आणि चावून चावून एक दिवस ती आपली होणार, असा एकंदर समज होता. चूक चपलेची, पायाची की विकत आणणाऱ्या वडलांची, हा प्रश्न कुणाला पडत नसे. मला तो वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पडला. संकेश्वरच्या अलीकडे हायवेच्या कडेला एका दगडावर बसून मी उजवा बूट काढत होते, आणि तो निघत नव्हता.

त्या वर्षी मी पहिल्यांदा पायी पंढरीला निघाले होते. टीव्हीवर मोठ्या पालख्या दिसतात, पण आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातूनही आषाढीला लहान लहान दिंड्या निघतात. पन्नास-साठ माणसं, एक टेम्पो, त्यात भांडी, सतरंज्या, ताडपत्री आणि तांदळाची पोती. आमची वाट काकती, हत्तरगी, संकेश्वर, चिकोडी, मग अंकलीजवळ कृष्णा ओलांडून मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला आणि पंढरपूर. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, मुक्काम अकरा. थोरल्या जाऊबाई हे अंतर चौदा वर्षं चालत होत्या. पायात निळ्या पट्ट्याची रबरी स्लीपर. पट्टा तुटला तर सेफ्टी पिन, पिनही तुटली तर पुढच्या गावात नवी जोडी.

मी पतसंस्थेत नोकरी करते. टेबलाखाली चप्पल काढून ठेवून दिवसभर बसायची सवय. त्यामुळे जाऊबाईंसारखं स्लीपर घालून निघायची माझी छाती नव्हती. मी 'अभ्यास' केला. म्हणजे महिनाभर रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघितले. त्यातली सगळी माणसं हिमालयात चालत होती हे माझ्या लक्षात आलं होतं, पण हिमालयात चालतो तो बूट संकेश्वरला का नाही चालणार, असा मी सरळ हिशेब केला. एका रविवारी सकाळी दहाला दुकानात गेले. घोट्याच्या वर येणारे, वॉटरप्रूफ, खोल दातांच्या सोलचे बूट. बायकांचा सहा नंबर. दुकानातल्या मुलानं अंगठा दाबून बघितला, म्हणाला, "एकदम फिट, मॅडम." मलाही फिट म्हणजे चांगलं असंच वाटलं. साडेचार हजार रुपये.

जाऊबाईंनी खोका उघडून बूट हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि जमिनीवर ठेवला. "एवढ्यात माझ्या उरलेल्या जन्माची स्लीपरं आली असती," म्हणाल्या. पुढं काही बोलल्या नाहीत.

पहिल्या दिवशी पाऊस होताच. बेळगावचा आषाढातला पाऊस कसा असतो ते बेळगावकरांना सांगायला नको. घाटमाथ्यावरून येतो आणि आठवडा-आठवडा मुक्काम करतो. काकती गाठेपर्यंत मी मनातल्या मनात दुकानातल्या मुलाला दुवा देत होते. बाकीच्यांच्या पायांत चिखल, माझे मोजे कोरडे. मग सलवार भिजली. भिजलेलं कापड वातीसारखं काम करतं हे निरांजन लावणाऱ्या बाईला कळायला हवं होतं, पण मला ते होनग्याच्या पुढं कळलं. सलवारीतून पाणी झिरपत मोज्यात आणि मोज्यातून बुटात. आणि बूट वॉटरप्रूफ. बाहेरचं पाणी आत येऊ देणार नाही हा त्याचा गुण, तसा आतलं बाहेर जाऊ देणार नाही हाही त्याचाच गुण. तो गुण दुकानात कुणी सांगत नाही. रात्री शाळेच्या व्हरांड्यात बूट काढून पालथे केले तर पाणी ओतलं गेलं. पाय पांढरेफटक, भिजवलेल्या पावट्यासारखे सुरकुतलेले. सकाळी तेच बूट, तसेच ओले, पुन्हा पायात.

ओली कातडी मऊ पडते आणि मऊ कातडी घासली की वरचा पापुद्रा खालच्यापासून सुटतो. मधल्या जागेत पाणी भरतं, तो फोड. ओल, ऊब आणि घासणं ही तीन एकत्र आली की दुसरं काही लागत नाही. माझ्या बुटात तिन्ही होती. तिसऱ्या दिवशी त्या दगडावर बसून मी बूट ओढून काढला तेव्हा टाचेवर आठ आण्याएवढा आणि करंगळीच्या कडेला लांबट, असे दोन फोड होते. करंगळीचा आधीच फुटला होता.

जाऊबाईंनी बटव्यातनं सुई काढली, दोरा ओवला, फोडाच्या या कडेनं घालून त्या कडेनं काढला आणि दोरा तसाच आत ठेवून तोडला. "पाणी दोऱ्यानं निथळतं," म्हणाल्या. वारीत सगळे असंच करतात. पुढं मिरजेत आरोग्य शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी तो दोरा बघितला आणि मला चांगलंच फैलावर घेतलं. दोऱ्यावाटे पाणी बाहेर जातं तशी घाण आतही जाते. फार दुखत असेल तर स्वच्छ सुईनं कडेला टोचायचं, पाणी काढायचं, वरची कातडी उचकटायची नाही आणि झाकून ठेवायचं. जाऊबाई शेजारीच उभ्या होत्या. "चौदा वर्षं माझा पाय गेला न्हाई त्यो," एवढंच म्हणून त्या रांगेतनं बाहेर पडल्या.

संकेश्वरच्या पुढं माती बदलते. तांबूस माती, दगड मागं पडतात आणि काळी लागते. हायवे सोडून आम्ही उसाच्या शिवारातली जवळची वाट धरली. काळी माती ओली झाली की तिला माणसाची माया लागते, सोडतच नाही. माझ्या बुटांचे ते खोल दात, ज्यांचे मी पैसे मोजले होते, ते शंभर पावलांत बुजून गेले. त्या मातीला आणखी माती चिकटली, तिला उसाचं पाचट. मी दोन बोटं उंच झाले. प्रत्येक पाय उचलताना वाटायचं, खालनं कुणीतरी धरलंय. काठीनं खरवडायचं, दहा पावलं हलकं, पुन्हा तेच. जाऊबाईंची गुळगुळीत झिजलेली स्लीपर मात्र चिखल सोडत चालली होती. पट्ट्यातनं निसटत होती, फटक फटक करून पाठीवर नक्षी उठवत होती, पण चालत होती. शेवटी त्यांनी ती काढून हातातच घेतली. खडकाळ उतारावर जे दात आधार देतात तेच काळवटीत वैरी होतात, हे व्हिडिओवाल्याला कुठून ठाऊक असणार? तिथं काळी माती नव्हतीच.

चिकोडीत बाजार होता. एका ताडपत्रीखाली पावसाळी सँडलांचा ढीग. मी बायकांच्या ढिगातली एकेक घालून बघत होते, प्रत्येकीचा पट्टा करंगळीच्या फोडावरच येत होता. विकणाऱ्यानं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "गंडसर्दु नोड्री, आक्का." पुरुषांचं बघा. त्यानं पुरुषांचा सहा नंबर पुढं टाकला. लांबी तेवढीच, पण पुढं पंजाला ऐसपैस जागा. पाचही बोटं पहिल्यांदा एकमेकांपासून सुटी झाली, पहाटेच्या गर्दीच्या बसमधनं उतरावं तशी. दोनशे साठ रुपये. बूट टेम्पोत गेले.

एक्कावन्न वर्षं मी ज्याला माझा नंबर म्हणत होते तो फक्त लांबीचा होता. रुंदीचा नंबर आपल्याकडे कुणी विचारत नाही. बायकांचं पाऊल नाजूक, निमुळतं, असं धरूनच सगळा माल बनतो. माझा पंजा फावड्यासारखा आहे हे आई लहानपणीच म्हणायची, पण तिचा रोख लग्न जमवण्याकडे होता, चपलेकडे नव्हता.

अंकलीला आम्ही दुपारी पोचलो. अंकली हे वारकऱ्यांसाठी साधं गाव नाही. ज्ञानोबा माउलींच्या पालखीपुढं जे अश्व चालतात ते इथल्या शितोळे सरकारांचे. दर वर्षी ते अंकलीहून निघून पायी आळंदीला जातात आणि मग पालखीबरोबर पंढरीला येतात. म्हणजे आम्ही अडीचशे किलोमीटर चालून फुशारकी मारतो, आणि हे घोडे आधी उत्तरेला तीनशे किलोमीटर जाऊन मग पुन्हा वारी चालतात. आम्ही गेलो तेव्हा ते केव्हाच निघून गेले होते. नदीकाठी टेकलेले एक म्हातारे आजोबा सांगत होते की घोड्याचं सगळं नालावर असतं. नाल सैल झाला की आवाज बदलतो, खण्ण वाजायचा तो खट्ट वाजतो, आणि जाणता माणूस आवाजावरनं ओळखतो.

मला त्यावरनं आमच्या भागातले बैल आठवले. उसाचा हंगाम लागला की बैलाला पत्र्या मारतात. एरवी शेतात चालणाऱ्या बैलाला काही लागत नाही, पण डांबरावरनं गाडी ओढायची तर खूर झिजतो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, चार पायांना आठ. बैलाला आडवा पाडून, पाय बांधून त्या ठोकतात. लहानपणी मी ते बघून रडले होते. आता वाटतं, निदान बैलाच्या बाबतीत माणूस आधी वाट बघतो, मग खूर बघतो आणि मग पत्री निवडतो. मी खोका बघून बूट घेतले होते.

मिरज ओलांडली आणि पाऊस मागं राहिला. ही आमच्या वाटेची खरी गंमत. सह्याद्रीच्या कुशीतनं निघायचं ते दहा-अकरा दिवसांत पर्जन्यछायेत उतरायचं. बेळगावात छत्री उलटी करणारा पाऊस, आणि कवठेमहांकाळच्या पुढं ढग नुसते डोक्यावरनं जातात. डांबर तापलेलं, कडेला बाभळी आणि जमिनीवर सराटे. सराटा ज्यांनी बघितला नाही त्यांनी बघू नये. वाटाण्याएवढा असतो, कसाही पडला तरी एक काटा वर. माझ्या दोनशे साठच्या सँडलचा तळ मऊ, बाभळीचा काटा त्यातनं आरपार. तेव्हा मला टेम्पोतल्या बुटांची आठवण आली. जाड तळ, बंद बोटं, कोरडी वाट. हीच तर त्यांची जागा होती. पण टाचेवरच्या फोडानं बूट जवळ येऊ दिला नाही. काटे मोजत पंढरपूर गाठलं.

सांगोल्याच्या अलीकडे एका झाडाखाली दोन चर्मकार बंधू बसले होते. रापी, आरी, दोऱ्याचं रीळ आणि पुढ्यात वारकऱ्यांच्या तुटक्या चपलांची रास. पैसे घेत नव्हते. वारीच्या वाटेवर अशी सेवा करणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी जाऊबाईंच्या स्लीपरचा पट्टा शिवून दिला. रबराला टाका घालायचा म्हणजे कठीण, पण घातला. जाऊबाई वाकून त्यांच्या पाया पडायला गेल्या तर ते दचकून मागं सरले. "माउली, माउली," म्हणत सगळेच एकमेकांच्या पायाशी वाकले, वारीत वाकतात तसे. पायातली वहाण पायातच बरी, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलेय. ती कुणासाठी वापरतात तेही ठाऊक आहे. त्या झाडाखाली ती मला आठवली आणि लाज वाटली.

परत आल्यावर एक गोष्ट डोक्यातनं जाईना. मी ज्या जिल्ह्यात राहते तिथं चप्पल बनते. कोल्हापुरी म्हणून जगभर जी जाते ती केवळ कोल्हापुरात होत नाही. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. १९५६ पासून ज्या रेषेवरनं आम्ही भांडतोय ती रेषा चपलेनं कधी मानलीच नाही. मग आमच्याच जिल्ह्यातल्या अथणीची पायताणं सोडून मी हिमालयाचे बूट का घेतले?

हिवाळ्यात अथणीला गेले. एका घराच्या सोप्यात नवरा, बायको आणि म्हातारी सासू कामाला बसली होती. नवरा तळाचं चामडं रापीनं कापत होता, बायको पट्ट्याची वेणी घालत होती. पातळ चामड्याच्या वाद्या इतक्या सरसर गुंफत होती की मला माझी शाळेतली वेणी आठवली. खिळा एकही नाही. सगळी शिलाई चामड्याच्या वादीची. तळाच्या दोन थरांच्या मधनं बाजूला निघतात ते कान, त्यांना पट्टा जोडतात. कान पावलाला कुठं धरतो त्यावर चप्पल चावणार की नाही ते ठरतं. चामडं पूर्वीच्या पद्धतीनं कमावलेलं असेल तर आधी चुन्यात घालून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कित्येक आठवडे ठेवायचं. म्हणून त्याला तो ओळखीचा तुरट वास. ज्या बाभळीच्या काट्यानं माझी सँडल फोडली तिच्याच सालीनं ही चप्पल टिकते.

"काल तोरसरी," म्हणजे पाय दाखवा, असं म्हणून त्यानं माझं पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखलं. आखलेला कागद बघून तो हसला नाही, हे मला बरं वाटलं. मी विचारलं, यातनं पंढरपूरला चालता येईल का?

त्यानं पटकन मान हलवली. "मळिगालक्क ब्याडरी." पावसाळ्याला नको. ओलं झालं की चामडं फुगतं, शिवण सैल पडते, वाळताना चप्पल वाकडी होते. कोरड्या दिवसांत कितीही चाला. त्याचे आजोबा म्हणे रोज बारा-पंधरा किलोमीटर चालून बाजार करायचे. आणखी एक सांगितलं ते मला कुठल्याच व्हिडिओत मिळालं नव्हतं. बूट सैल घ्यावा आणि चप्पल घट्ट घ्यावी. चामडं पायाच्या उबेनं सैल होत जातं, म्हणून कोल्हापुरी पहिल्या दिवशी थोडी आवळली तर ती बरोबर. तेल लावून रात्रभर ठेवायची, घरातल्या घरात आठवडाभर घालायची. बूट मात्र तुमच्यासाठी वाढत नाही, तुमचा पायच बुटात वाढतो.

सासूबाई एवढा वेळ गप्प होत्या. त्यांनी हरळय्यांची गोष्ट काढली, अर्धी कन्नडमध्ये, अर्धी मराठीत. बाराव्या शतकातली, कल्याणातली, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणातली. समगार, म्हणजे चर्मकार, हरळय्यांनी वाटेत बसवण्णांना 'शरणु' म्हणून नमस्कार केला. बसवण्णांनी उलट 'शरणु शरणार्थी' म्हटलं, एकाला दोन. हे देणं कसं फेडायचं, म्हणून हरळय्यांनी आणि त्यांची बायको कल्याणम्मा हिनं स्वतःच्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा करून नेल्या. बसवण्णांनी त्या पायात घातल्या नाहीत, डोक्यावर ठेवल्या. म्हातारीनं सांगताना स्वतःच्या मांडीवर हात ठेवला होता. सून तोवर वेणीचं टोक दातात धरून ओढत होती, गोष्ट तिनं शंभरदा ऐकलेली असणार. मी चप्पल घेतली. आजही घालते, ऑक्टोबर ते मे.

बुटाचं कोडं सुटलं ते सुभेदारमामांमुळं. माझे सख्खे मामा, मराठा लाइट इन्फन्ट्रीतनं निवृत्त. बेळगावात त्या रेजिमेंटचं केंद्र, त्यामुळं आमच्याकडे चालायचं शास्त्र विचारायला लांब जावं लागत नाही, गल्लीगल्लीत एक तरी निवृत्त सुभेदार सापडतो. पण घरातल्या माणसाला विचारायचं आपल्याला सुचत नाही. मामांनी बूट बघायच्या आधी माझे पाय बघितले. बादलीत बुडवायला लावले आणि शहाबादी फरशीवर उभं केलं. "आता बाजूला हो."

फरशीवर माझी दोन ओली पावलं उमटली होती. अख्खीच्या अख्खी, मध्ये खाच जवळपास नाहीच. दिवाळीत आपण लक्ष्मीची पावलं काढतो त्यांना कशी सुरेख कमान असते. माझी पावलं उंबऱ्यातनं आत येणाऱ्या म्हशीची वाटत होती. "सपाट पाय," मामा म्हणाले. "वाईट काही नाही. फक्त उभी राहिलीस की पाऊल पसरतं. बसून बूट घालून बघितलास ना? चूक. उभं राहायचं, चालायचं, तेही संध्याकाळी. दिवसभरात पाय सुजतो. सकाळी दहाला घेतलेला बूट संध्याकाळी सहाला दुसऱ्याचा होतो."

अंगठ्याच्या पुढं हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. आपल्याकडच्या नंबरात एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. म्हणजे अर्ध्या नंबरानं चार मिलिमीटरचा फरक पडतो, आणि अडीचशे किलोमीटरला चार मिलिमीटर म्हणजे सगळं काही. मामा असं तुकड्यातुकड्यानं बोलत गेले, मध्येच बिडी पेटवायला थांबत. सुती मोजे नकोत, घाम धरून ठेवतात. लोकरीचे किंवा मिश्र धाग्याचे घे. आत एक पातळ, वर एक जाड घातले तर घासणं मोज्यामोज्यांत होतं, कातडीला लागत नाही. नखं निघायच्या चार दिवस आधी काप, आदल्या रात्री नाही. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं थांब, आणि थांबलीस की बूट-मोजे काढून पाय उघडे टाक. आणि नाडी! नाडी सगळ्यात वरच्या भोकात परत घालून दोन्हीकडे लूप करायची, त्यातनं टोकं ओढायची, की टाच जागेवर बसते. वर-खाली होणारी टाच म्हणजे फोडाला आमंत्रण.

"डाव्या गुडघ्यात दुखलं का?" त्यांनी मध्येच विचारलं. दुखलं होतं. मी कुणाला बोलले नव्हते. "रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी जायला. दिवसभर एकाच कडेनं चाललीस की एक पाय कायम खाली पडतो. मोकळा रस्ता दिसला की मधनं चाल थोडं." अकरा दिवस मी तो उतार तुडवला होता आणि तो मला दिसला नव्हता.

मग त्यांनी माझे साडेचार हजारांचे बूट हातात घेऊन वजन केलं. "पाठीवर जेवढं ओझं जड वाटत नाही तेवढं पायात वाटतं. दिवसाला तीस हजार पावलं, प्रत्येक वेळी हे उचलायचं. कशाला? दरी आहे कुठं?" मामांना मी अमेरिकेतल्या एमा गेटवुड नावाच्या आजीबाईंची गोष्ट सांगितली. अकरा मुलांची आई. १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, अप्पलेशियन ट्रेल ही डोंगरवाट एकटीनं चालल्या. सुमारे ३,३०० किलोमीटर. पायात केड्सचे साधे कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली झोळी. पाऊस आला तर पांघरायला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. वाटेत बुटांच्या अनेक जोड्या फाटल्या, त्यांनी नव्या घेतल्या. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जोड्या बदलल्या, आजीबाई न्हाई ना बदलल्या?"

दुसऱ्या वर्षी माझ्या पायात जाळीचे, हलके, पळायचे बूट होते. पुरुषांचे, संध्याकाळी घेतलेले. मी सहा नंबर मागितला, मामांनी साडेसहा घ्यायला लावला. पाणी आत यायचं, तसंच बाहेरही जायचं, आणि उघडीप मिळाली की दोन तासांत वाळायचे. तळ जवळपास सपाट, काळ्या मातीनं चिखल कमी धरला. सँडल पिशवीला बांधलेली, मुक्कामासाठी आणि मुसळधार पावसासाठी. सलवार पिंढरीपर्यंत दुमडून पिना लावल्या. सोबतचे एक आजोबा मला चार दिवस 'पीटी मास्तरीण' म्हणत होते. रात्री जाऊबाई काशाच्या वाटीनं खोबरेल चोळून द्यायच्या, वाटी काळी पडेपर्यंत. एक फोड त्याही वर्षी आला, डाव्या अंगठ्याला. एक नख काळं पडून ऑगस्टात गळालं. कवठेमहांकाळच्या पुढं सराटे होतेच, जाळीतनं एक घुसलाच.

जुने बूट मी टाकले नाहीत. जांबोटीच्या बाजूला डिसेंबरात रानात गेलो होतो तेव्हा घातले, तिथं मुरूम आणि दगडाचा उतार होता. कोरड्या दिवसांत ते अगदी शहाण्यासारखे वागले. दातांत अजून चिकोडीकडची काळी माती आहे, वाळून दगड झालेली. खिळ्यानं टोकरली तरी निघत नाही.

जाऊबाईंनी माझ्या नव्या बुटांबद्दल वर्षभर चकार शब्द काढला नाही. यंदा ज्येष्ठात त्या घरी आल्या. पंधरा वर्षांनंतर स्लीपरचा पट्टा अंगठ्याच्या बेचक्यात रुतून तिथं गाठ झालीये, हे मला दिसत होतं. चहा झाला, उगाच पोरांची चौकशी झाली, पावसाची झाली. मग मी कप ठेवायला आत गेले. बाहेर आले तर जाऊबाई मागच्या अंगणातल्या नळावर पाय धूत होत्या. धुऊन सोप्यात आल्या, नऊवारीचा काठ वर धरला, फरशीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि दोन पावलं मागं सरून खाली बघायला लागल्या. बराच वेळ बघत होत्या.

"गं," त्या मान वर न करता म्हणाल्या, "त्ये दुकान संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतंय?"